अठ्ठावीस नंबरचं नोझल

१२ नोव्हेंबर २००६, मोर्शी

वार्ताहराने दैनंदिनी लिहू नये. दिवसभर लोकांबद्दल लिहून झाल्यावर जे उरतं ते स्वतःबद्दलचं असतं, आणि ते छापण्यालायक नसतं. तरी ही वही सुरू करतो आहे. गटाचा सचिव म्हणून मी जे लिहितो त्यात सगळं 'सर्वानुमते' असतं. मनातलं कुठे तरी लिहायला हवं.

गट म्हणजे आमचा संत्रा उत्पादक गट. चंद्रभान अध्यक्ष, मी सचिव. माझ्या मालकीचं एकमेव झाड तुळस आहे, तीही माझी बायको, रागिणी, स्वतःची म्हणते. पण अर्ज-बातम्या लिहायला कोणी तरी लागतो. चंद्रभान आणि मी शाळेत एका बाकावर होतो. संस्कृतच्या पेपरात तो माझं पाहून लिहायचा. एकदा माझं नावसुद्धा उतरवलं होतं. तेव्हापासून तो मला 'शास्त्री' म्हणतो.

यंदा बेत असा, की झाडावरची बाग व्यापाऱ्याला सौद्यात द्यायची नाही. संत्रं आपणच धुवायचं, मेण चढवायचं, वाळवून, निवडून पेट्यांत भरायचं आणि थेट दिल्लीला पाठवायचं. यंत्र आलं, चंद्रभानच्या वावरात शेड झाली. अडलं ते विजेवर. दिवसाचे बारा तास भारनियमन. म्हणून एक जुनं ट्रकचं इंजिन जनरेटरला जोडलं. वाळवणीचा पंखा लावला की त्याला धाप लागते. कोणी सांगितलं टर्बो बसवा, तोही बसवला. आता धाप लागत नाही, पण जोरही येत नाही.

मी गावोगाव सांगत फिरलो आहे: सौदा करू नका, फळ थांबवा. लोक थांबले. पेपरात लिहिणारा माणूस खोटं बोलत नाही अशी इकडे अजून समजूत आहे. यंत्र चाललं नाही तर फळ झाडाखाली पडेल आणि समजूतही.

१५ नोव्हेंबर

सकाळच्या एस.टी.ने चंद्रभानबरोबर अमरावतीला. बडनेरा रोडवर शफीकचं पंप-नोझलचं दुकान. मिशीला मेंदी, खिशावर स्वतःचं नाव शिवून घेतलेला निळा कोट, आणि बोलायला सुरुवात केली की गिऱ्हाईक काय आणलं होतं ते विसरतं.

मी विचारलं, टर्बो लावूनही जोर का नाही?

"पत्रकार साब, टर्बो म्हणजे काय? इंजिनाच्या धुराच्या धक्क्यानं पंखा फिरते अन् आत हवा कोंबते. हवा झाली दीडपट, डिझेल तेवढंच. पंगतीत पत्रावळी वाढवल्या अन् वरण-भात जुनाच. पोट कोणाचं भरन?"

"मग डिझेल वाढवा."

"वाढवाच लागते. किती, तेच तं इल्म हाय."

त्याने तीन नोझलं काढून समोर ठेवली. करंगळीएवढी चीज, टोकाला डोळ्याला न दिसणारी छिद्रं. त्यांतून डिझेलचा फवारा सिलिंडरात उडतो. पंचवीस नंबर, अठ्ठावीस आणि बत्तीस. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या इतक्या भागांचं छिद्र. पंचवीस आमच्या इंजिनात आहेच. एक नोझल त्याने हाताच्या पंपावर चढवलं, दांडा दाबला. धुक्यासारखा फवारा उडाला आणि कर्र-कर्र असा बेडकासारखा आवाज आला.

"ऐकलं? बोलून राहिलं. न बोलणारं नोझल घरी नेऊ नये. बायकोचं उलटं आहे."

माझ्या मते अठ्ठावीस पुरे; जठराग्नी मंद असलेल्याला एकदम श्रीखंड वाढत नाहीत. शफीकला बत्तीसच हवं होतं. "बत्तीस टाकू. इंजन शेर हो जाएगा!"

"शेर खातो किती?"

"धूर मारंल थोडासा."

धुराचं माझ्या शिक्षणाशी नातं आहे. न्यायशास्त्रात धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करतात. शफीकच्या शास्त्रात काळा धूर दिसला की डिझेल अर्धकच्चं राहिलं, म्हणजे हवेच्या मानाने वाढप जास्त झालं. शास्त्रीबुवांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

निघताना शफीकने नेहमीचं विचारलं, "आमचं नाव कवा छापता? नगमा रोज तुमचा पेपर वाचून दाखवते. बापाचं नाव आलं तं पोरगी मोहल्ला डोक्यावर घेईन."

१९ नोव्हेंबर

शफीक सामान घेऊन शेडवर आला. आधी जुन्या पंचवीसवर चालवून पाहिलं. पंखा लावताच दिवे पिवळे पडले. मग बत्तीस. शेर खरंच जागा झाला. सगळी यंत्रं एकदम चालली, आणि धुराड्यातून असा काळा लोट निघाला की बांधावरचे बगळे उठून शेजारच्या गावाला गेले. थोड्या वेळाने धुराचा पाइप लालसर दिसू लागला. शफीकने स्वतःच धावत जाऊन इंजिन बंद केलं.

"मान गए, साब. हे पिस्टन गाळंल." मिशी थोडी उतरली होती.

मग अठ्ठावीस. त्याबरोबर पंपही थोडा जुळवून घेतला. म्हणाला, पंप आणि नोझल म्हणजे नवरा-बायको, एकाला बदललं की दुसऱ्याला समजवावं लागतं. सुरू होताना राखाडी धूर, मग जवळजवळ काहीच नाही. पंखा, धुण्याचा पंप, पट्टा, दिवे, सगळं एका दमात. चंद्रभानने मला मिठी मारली.

"एवढाच बोजा," शफीक म्हणाला. "याच्यावर दुसरं काही लटकवाचं नाही."

"एखांदी मोटर?" चंद्रभानने विचारलं.

"दादा, मी काय बोलून राहिलो?"

शेवटी साफसफाईसाठी त्याने अठ्ठावीसची चारही नोझलं पुन्हा काढली आणि प्रत्येकाच्या कडेवर बारीक छिन्नीने तीन ठिपके ठोकले. उर्दूतल्या त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर तीन ठिपके असतात. ही त्याची सही. परत बसवताना मात्र मी तिथे नव्हतो. चंद्रभान मला बागेत घेऊन गेला, झाडं दाखवायला. पानं पिवळी पडली आहेत. विहिरीत पाणी आहे, पण वीज येते ती रात्री दोनला, तीही लहरीवर. "लेकरावानी वाढवले बे," म्हणाला.

शफीकने जुनी पंचवीस नंबरची नोझलं लाल कापडात बांधून माझ्या हातात दिली. "जुना माल गिऱ्हाईकाच्या हाती. आमच्या वालिदचा कायदा. उद्या कोणी म्हणू नये का शफीकनं बदललंच नाही."

२० नोव्हेंबर

लाल पुरचुंडी टेबलावर कागद दाबायला ठेवली. वजन उत्तम. माझ्या बातम्यांना एवढं वजन पहिल्यांदाच आलं.

२७ नोव्हेंबर

पहिला ट्रक दिल्लीकडे गेला. पार्वताबाईंनी, चंद्रभानच्या बायकोने, ट्रकला ओवाळलं. माझी बातमी आली. त्यातलं शफीकचं वाक्य मात्र जागेअभावी गळलं. मी फोन करून सांगितलं. "हरकत नाही, साब," म्हणाला. हरकत होती.

४ डिसेंबर

चंद्रभान काल अकोल्याला जाऊन आला. येताना एक पाहुणा आणला, मावसभाऊ, म्हणाला. आज शेड बंद होती, 'सफाई' म्हणून. दुपारी गेलो तर मावसभाऊ इंजिनापाशीच जेवत होता. हात मनगटापर्यंत काळे. मी नाव विचारलं तर तो चंद्रभानकडे पाहू लागला. वऱ्हाडातले नातेवाईक हल्ली फार लाजरे झाले आहेत.

९ डिसेंबर

दोन गोष्टी टिपून ठेवतो.

एक: इंजिन पुन्हा काळा धूर टाकतं आहे. चंद्रभानला सांगितलं. "डिझेलमंदी रॉकेल हाये बे, पंपावाले चोर झाले." पटलं. रॉकेल-भेसळीवर पाच इंच बातमी दिली.

दोन: रागिणी शिकवते ती शाळा चंद्रभानच्या बागेच्या रस्त्यावर. ती म्हणाली, "चंद्रभानभाऊजींच्या बागेत भर दुपारी पाणी चालू असतं हो. रोजच. सगळीकडे लाईट नसताना."

"त्याचा विजेचा फिडर वेगळा असेल."

"त्यांच्या एकट्याचा?"

मी म्हटलं, नशिबाचंही वेळापत्रक असतं. ती हसली नाही. माझ्या विनोदांवर ती लग्नानंतर पहिली तीन-चार वर्षं हसली, त्यानंतर तिने परीक्षकाचं धोरण स्वीकारलं. पण त्याची झाडं सावरली हे पाहून मला खरंच बरं वाटलं. नवी पालवी फुटते आहे.

१३ डिसेंबर

दुपारी फोन. शेडवर पोहोचलो तेव्हा पट्ट्यावर फळं जिथल्या तिथे उभी होती, अर्धी मेण चढलेली, अर्धी ओली. इंजिनातून हातोडा मारल्यासारखा आवाज आला आणि ते थांबलं, इतकंच सगळे सांगत होते. बाहेर सात-आठ बैलगाड्या आणि दोन ट्रॅक्टर भरून उभे. नत्थुजी, वय सत्तर, माझ्या सांगण्यावरून थांबलेला पहिला माणूस. त्याने गाडीतलं एक संत्रं काढून माझ्या हातात दिलं. "खाय बाप्पा. गोड हाये."

१५ डिसेंबर

वरुडचा फिटर आला, इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनचं डोकं मेणबत्तीसारखं गळलेलं. हंगामात दुरुस्त होणं नाही. त्याने चार नोझलं काढून फडक्यावर ठेवली. मी चाळिशी लावून नंबर वाचला.

बत्तीस.

पुन्हा वाचला. चारही बत्तीस. आणि त्यांवर तीन ठिपके नव्हते.

चंद्रभानने कपाळावर हात मारून घेतला. "शास्त्री, आपल्याले ठगवलं बे त्यानं!"

मी नीट विचार केला, क्रमाने, शिकवल्याप्रमाणे. शफीकला पहिल्यापासून बत्तीसच बसवायचं होतं. ते नाकारलं याचा त्याला राग होता. शेवटी बसवताना आम्ही दोघंही बागेत होतो. आणि ठिपके नाहीत, हाच सर्वांत मोठा पुरावा: दाखवताना सहीची नोझलं दाखवली, बसवली बिनसहीची. चोर कुठे सही करून जातो? न्यायशास्त्राच्या भाषेत हेतू निर्दोष, अनुमान सिद्ध.

जमलेल्यांतला एक जण 'त्या लोकांचं असंच राह्यते' म्हणून काही बोलला. ते मी बातमीत घेणार नाही असं ठरवलं, आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

१६ डिसेंबर

शफीककडे गेलो. सांगितलं. आधी तो हसला, मी गंमत करतो आहे असं वाटून.

"बत्तीस? माझ्या हातानं मी अठ्ठावीस बसवले. निशानी पाहा ना त्याच्यावरची."

"निशाणी नाही."

"नाही म्हणजे मग ते माझे नाही! इतकी सीधी गोष्ट आहे, पत्रकार साब. तुमी शिकेल माणूस."

"तुम्हाला बत्तीसच बसवायचं होतं."

"होतं. मंग पाइप लाल झाला, अन् म्या सगळ्याइच्या समोर कान पकडले. तुमी होते ना?"

मी म्हटलं, नत्थुजीची गाडी उभी आहे. म्हटलं, मी तुमच्यावर विश्वास ठेवला. त्याने हातातला पाना पुसून ठेवला. मग म्हणाला, "जुना माल मी तुमच्या हातात देल्ला होता. ज्यानं माझे काढले त्यानंही कोणाच्या तरी हातात देल्ले असतील. जाऊन पाहा."

ही मला पळवाट वाटली. विश्वासघात झालेल्या माणसाला सगळं ऐकू येतं, फक्त समजत नाही, असं कुणीतरी लिहायला हवं. मी नाही, मला बातमी लिहायची होती.

१८ डिसेंबर

बातमी पहिल्या पानावर. 'नोझलच्या नावाने शेतकऱ्यांच्या डोळ्यांत धूर.' मथळा माझाच. नाव छापलं नाही. 'अमरावतीतील बडनेरा रोडवरील एक पंप-नोझल दुकानदार' एवढंच. त्या रोडवर असं दुकान एकच आहे हे मला माहीत होतं. चंद्रभानने पेपर हातात घेऊन गटासमोर वाचला. "शास्त्रीच्या लेखणीत जोर हाये!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नत्थुजी आला नव्हता.

२९ डिसेंबर

व्यापारी परत आले. सौदे झाले, त्यांच्या भावात. ज्यांची फळं गळून गेली त्यांचे तेही नाहीत. लोक मला अजून रामराम करतात, पण आधी मी करावा लागतो.

एस.टी.त वरुडचा फिटर भेटला. म्हणाला, शफीकच्या दुकानात हल्ली सन्नाटा आहे; ट्रॅक्टरवाले दुसरीकडे जाऊन राहिले. मी म्हटलं, कर्म तसं फळ. फिटर खिडकीबाहेर पाहू लागला. त्याला संस्कृतोद्भव वाक्यं आवडत नसावीत.

३ जानेवारी २००७

दुपारी पार्वताबाई आल्या. टोपलीत संत्री. त्यांच्या बागेतली, मोठी, तुकतुकीत, या भागात यंदा अशी कोणाकडे नाहीत.

"भाऊजी, अजून एक. हे तुमचं सामान आमच्या भिंतीतल्या देवळीत पडून होतं. तो अकोल्याचा मिस्त्री देऊन गेला होता आमच्या मालकाच्या हातात. म्या म्हटलं, इंजिनाचं आहे तं शेक्रेटरीकडंच पाह्यजे."

निळ्या कापडाची पुरचुंडी. मी ती टेबलावर, लालच्या शेजारी ठेवली. त्या गेल्यावर सोडली.

चार नोझलं. टोकं काजळीने काळी, म्हणजे इंजिनात चाललेली. अठ्ठावीस नंबर. प्रत्येकाच्या कडेवर तीन ठिपके.

रागिणी दारात उभी होती. तिने विचारलं, काय झालं. मी तिला विचारलं, बागेत दुपारचं पाणी कधीपासून सुरू झालं होतं.

"तुमचा लाजरा मावसभाऊ आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी."

४ जानेवारी

चंद्रभान झाडांना आळी करत होता. मी पुरचुंडी उघडून बांधावर ठेवली. त्याने पाहिली आणि खुरपं चालू ठेवलं.

"मोटर ओढत नव्हतं ते अठ्ठावीस," तो म्हणाला. "वायर टाकली शेडातून इहिरीपर्यंत. अकोल्याचा मिस्त्री म्हणे बत्तीस टाका, पंप थोडा खोलून देतो, काही नाही होत."

"शफीकने सांगितलं होतं काय होतं ते. पाइप लाल झालेला तू पाहिलास."

"पाह्यला. मले वाटलं महिनाभर निघन. चारशे झाडं मरून राहिली होती बे. तू एक सांग, तुझी असती तं?"

"गटाला विचारलं असतंस."

"गट काय म्हणला असता? अध्यक्षाच्याच वावरात काहून, आमच्याही मोटरी लावा. बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

"आणि शफीक? त्याच्यावर काहून ढकललंस?" माझ्या तोंडून 'का'ऐवजी त्याचंच 'काहून' निघून गेलं.

तेव्हा त्याने वर पाहिलं. शाळेत माझं पाहून लिहिताना मास्तरने पकडलं की तो असाच पाहायचा, निरागस. "म्या काय ढकललं? म्या एक वाक्य बोललो. बातमी तू लिहिली, शास्त्री."

त्याच्या मागे झाडं हिरवीगार होती. पाणी आळ्यातून आळ्यात सरकत होतं. वीज कुठून तरी आली असेल. मी विचारलं नाही.

मी सांगितलं की खुलासा छापतो आहे, शफीकचं नाव घालून. तो म्हणाला, "छाप. पण माह्यं नाव नको घालू. पार्वताले लोकाईत राहाचं हाये." माझं पाहून लिहिताना त्याने निदान माझं नाव तरी उतरवलं होतं. इथे नावाची जागाच कोरी सोडली होती.

६ जानेवारी

अमरावती. दुकानात शफीक एकटाच. मिशीची मेंदी उतरून पांढरं दिसू लागलं होतं. मी निळी पुरचुंडी गल्ल्यापुढे ठेवली आणि उभाच राहिलो. काय बोलायचं ते एस.टी.त पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

त्याने गाठ सोडली. ठिपक्यांवर अंगठा फिरवला. एक नोझल घासून हाताच्या पंपावर चढवलं आणि दांडा दाबला. धुक्यासारखा फवारा. कर्र-कर्र.

"बोलून राहिलं," तो म्हणाला. मला नाही, नोझलला.

मी खुलाशाचा मजकूर पुढे केला. सांगितलं, संपादकाशी भांडून पहिल्या पानाचा शब्द घेतला आहे, तुमचं पूर्ण नाव, दुकानाचं नाव, सगळं. त्याने कागद घेतला नाही.

"नको, साब."

"पण तुम्हालाच तर हवं होतं..."

"तवा होतं. आता नाव छापलं तं ज्याले माहीत नव्हतं त्यालेही माहीत होईन का तो दुकानदार मीच. लोक म्हणतीन, काही असंल म्हणूनच दोन खेपा पेपरात आलं." मग नोझल पुसत, "नगमानं तुमचा पेपर बंद केला. मले आता कोणी वाचून दाखवत नाही. ठीक हाये."

चहा आला नाही. या दुकानात असं पहिल्यांदा झालं.

मी निघालो तसं त्याने हाक मारली. चारही नोझलं त्याने डिझेलने धुऊन, पुसून, नव्या लाल कापडात बांधली होती. गाठ घट्ट मारून त्याने ती माझ्या हातात दिली.

"गिऱ्हाईकाचा माल," तो म्हणाला, आणि दुसऱ्या कामाला लागला. दुसरं काम काहीच नव्हतं.

आता टेबलावर दोन पुरचुंड्या आहेत, एकसारख्या लाल. त्यांच्याखाली खुलाशाचा कागद. तो छापायचा की नाही हे ठरवणारा मी कोण, हे मला दिवसभर ठरवता आलेलं नाही. संध्याकाळी रागिणीने पार्वताबाईंच्या टोपलीतलं एक संत्रं सोलून पुढे ठेवलं. गोड होतं. मी अर्धं खाल्लं.